चालीमागची चाल

शंकर-जयकिशन यांच्या एखाद्या गाण्यातून लताबाईंचा आवाज मनातल्या मनात वगळून बघा. गाणं थांबत नाही. ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०) मधलं बोटीवरचं गाणं घ्या. गिटार सुरू होते, कोरस गुणगुणत येतो आणि गायिका ओळीच्या शेवटी जरा विसावली की तेवढ्या फटीत व्हायोलिनं स्वतःचं काही बोलून घेतात. ही मूळ चाल नव्हे. तिच्या मागून जाणारी ही दुसरी चाल. वादक मंडळी तिला ‘ऑब्लिगाटो’ म्हणतात. शंकर-जयकिशनकडे ती लिहिण्याचं काम सेबॅस्टियन डिसोझा यांचं. श्रेयनामावलीत त्यांचं नाव यायचं ते दत्ताराम यांच्या जोडीला, ‘सहाय्यक’ म्हणून. तबकडीवर तेवढंही नाही.

संगीतकार पेटीवर चाल बांधतो, गायक ती शिकतो, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण पन्नास-साठ वादक स्टुडिओत जमले की प्रत्येकाने नेमकं काय वाजवायचं? सगळ्यांनी तीच चाल वाजवली तर नुसता गलका होईल. इथे अरेंजर लागायचा. चाल ऐकता ऐकताच तो पाच रेघांच्या कागदावर ती उतरवून घ्यायचा आणि मग वाटण्या करायचा: पहिल्या व्हायोलिनांना हे, दुसऱ्यांना ते, चेलोला खालचा सूर, ट्रंपेटने अमुक मात्रेला यायचं, अंतरा संपला की सॅक्सोफोन. प्रत्येकाच्या स्टँडवर त्याचा त्याचा कागद. त्या काळी गायक-वादकांचं ध्वनिमुद्रण एकदमच व्हायचं. एकाचा सूर हुकला की टेक बाद, पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे कागद बघून बिनचूक वाजवणारा माणूस लाखमोलाचा.

आणि असा माणूस बहुतेक वेळा गोव्याचा निघायचा. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांतून मुलांना प्रार्थनेसाठी गाणं, व्हायोलिन आणि नोटेशन वाचन शिकवलं जाई. कला हातात आली, पण गावात तिच्यावर पोट भरेना. म्हणून मग मुंबई. धोबीतलावच्या आसपास गावागावांच्या ‘कुडी’, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक राहण्याच्या जागा, होत्या. तिथे ट्रंक टाकायची आणि हॉटेलातल्या बँडमध्ये, मूकपटांच्या थिएटरांत, लग्नाकार्यांत काम शोधायचं. पुढे स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, संस्थानिकांचा डामडौल आटला, त्यात मुंबईत दारूबंदी. बँडवाल्यांची हॉटेलातली कमाई आखडली आणि त्याच सुमारास सिनेमाचे ऑर्केस्ट्रा मोठे होऊ लागले. हिंदी सिनेसंगीताच्या ज्या काळाला आपण सुवर्णकाळ म्हणतो, त्याला दारूबंदीचाही थोडा हातभार आहे, असं माझं मत आहे.

हॉटेलातून सिनेमात आलेल्यांत रंगेल गडी म्हणजे चिक चॉकलेट. खरं नाव अँटोनियो झेव्हियर वाझ, गाव हळदोणे. मुंबईच्या ताजमध्ये त्याचा बँड गाजत होता. ट्रंपेट आणि गाणं दोन्ही लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचं, हातातल्या पांढऱ्या रुमालासकट. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्याला जवळ केलं. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तो आपल्या बँडसह चक्क पडद्यावर दिसतो. भगवानदादांच्या नाचाला तुम्ही-आम्ही ‘मराठमोळा’ म्हणतो खरे, पण त्याच्याखाली जो ठेका झुलतो आहे तो न्यू ऑर्लिन्सहून हळदोण्यामार्गे दादरला पोचलेला आहे.

सेबॅस्टियन यांचा पिंड वेगळा. फाळणीआधी ते लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात बँड चालवत. फाळणीनंतर मुंबईला आले. शंकर-जयकिशनकडे ते दोन दशकांहून अधिक काळ होते. व्हायोलिनांचा तो भरगच्च ताफा, ज्याच्यामुळे डोळे मिटूनही ‘हे शंकर-जयकिशन’ म्हणता येतं, तो त्यांच्या हातचा. त्यांच्या शेजारी तालाची बाजू सांभाळायला दत्ताराम वाडकर, तेही गोव्याचेच. त्यांचा ढोलकचा एक ठेका इतका रूढ झाला की वादकांत तो ‘दत्तू ठेका’ म्हणूनच ओळखला जातो. एकाचं शिक्षण चर्चमधलं, दुसऱ्याचं तबला-ढोलकवरचं, आणि दोघं मिळून एकाच गाण्याचा सांगाडा उभा करायचे. ‘परवरिश’ (१९५८) सारख्या चित्रपटांना दत्ताराम यांनी स्वतंत्र संगीत दिलं. सेबॅस्टियन मात्र लोकांना अरेंजर म्हणूनही नीट ठाऊक झाले नाहीत.

या सगळ्यांत ज्याचं नाव देशभर पोचलं त्याचाच माणूस म्हणून पत्ता कोणाला नव्हता. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मध्ये अमिताभ मोठ्या अंड्यातून बाहेर येऊन आपलं नाव सांगतो. अँथनी गोन्साल्विस हे नाव चित्रपटाचे संगीतकार प्यारेलालजींनी मुद्दाम घालून घेतलं, कारण लहानपणी त्यांना व्हायोलिन शिकवणारे गुरू याच नावाचे. माजोर्ड्याच्या या गृहस्थांना नुसतं गाण्यांचे तुकडे लिहून समाधान नव्हतं. १९५८ मध्ये त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजच्या चौकात रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना वाजवल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो प्रयोग रुजला नाही. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर सिनेमापासून लांब गावीच राहिले आणि २०१२ मध्ये वारले. रागसंगीत शंभर वाद्यांत कसं मांडावं हा त्यांचा प्रश्न आजही जिथल्या तिथेच आहे.

स्वतःच्या भाषेत स्वतःच्याच नावाने गाजलेले म्हणजे ख्रिस पेरी. मडगावच्या या ट्रंपेटवाल्याने कोकणी गाण्यात जाझ आणलं आणि लॉर्ना कॉर्देरोच्या भरदार आवाजाने ते घराघरांत पोचवलं. दोघांचं फाटलं आणि लॉर्ना वीसेक वर्षं गप्प बसली. १९९५ मध्ये परत गायली तेव्हा जुने चाहते तिला विसरलेले नव्हते. ‘नाचुया कुंपासार’ हा २०१४ चा कोकणी चित्रपट ख्रिसच्या चालींवरच उभा आहे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

नव्वदच्या दशकात की-बोर्डाने व्हायोलिनांचा ताफा घरी बसवला. हाताने लिहिलेले ते कागद काम झाल्यावर फारसे कोणी जपले नाहीत. आज मोबाइलवर जुनं गाणं लावलं की गायक, संगीतकार, गीतकार अशी तीन नावं येतात. ज्या कंपन्यांकडे या गाण्यांचे हक्क आहेत त्यांनी चौथं नाव घालावं. त्यासाठी नवा खर्च नाही. संशोधकांनी आणि हयात वादकांनी बरीचशी माहिती नोंदवून ठेवलेली आहे.