डॉल्फिन पाहा, पण दुरून!

अहमदपूरहून समुद्र फार लांब. म्हणून शाळेची सहल मालवणला गेली, की होडीतून डॉल्फिन पाहण्याची कोण उत्सुकता! पाठ दिसताच सारे ओरडतात, ‘जवळ घ्या!’ नावाडीही वेग वाढवतो. त्या वेळी पाण्याखाली काय घडते?

डॉल्फिन हा देवमाशाचा भाऊबंद. मासा नव्हे, सस्तन प्राणी. तो जणू कानांनी ‘पाहतो’. स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य हुडकतो, शिट्ट्या घालून सोबत्यांशी संपर्क ठेवतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर पाण्यात सुमारे १,५०० मीटर जातो. इंजिनाच्या गोंगाटात या शिट्ट्या बुडून जातात. पाठलाग झाला, की शिकार अर्धवट सोडून कळप पळतो. पिलू आईपासून दुरावू शकते. कोकणातला हंपबॅक डॉल्फिन तर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातच राहतो. तो जाणार कुठे?

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने डॉल्फिनला संरक्षण आहे. ऑस्ट्रेलियातील मार्गदर्शक नियम सांगतात : होडीने डॉल्फिनपासून ५०, देवमाशापासून १०० मीटर दूर राहावे; समोरून आडवे जाऊ नये.

तेव्हा पुढच्या सहलीत म्हणा, ‘काका, वेग कमी करा, इथूनच पाहू!’