पर्यटनस्थळावरील कौटुंबिक कलादालन : पिंगुळीच्या 'ठाकर आदिवासी कला आंगण'च्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

एखाद्या कुटुंबाने आपल्या घरालगत लहानसे कलादालन उभारणे ही घटना वरवर पाहता खासगी व्यवसायाची वाटते. प्रत्यक्षात अशा दालनात वारसा, उपजीविका व पर्यटन या तीन भिन्न प्रवृत्ती एका छताखाली येतात आणि त्यांच्यात सतत ताण निर्माण होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील कलादालनाच्या आधारे हा ताण कसा निर्माण होतो, त्याचे अर्थकारण काय असते व दालनाचे भवितव्य कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. अखेरीस धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात काही शक्यतांचा निर्देश केला आहे.

बीजसंज्ञा : कौटुंबिक कलादालन, चित्रकथी, ठाकर समाज, पर्यटन, जतन, वारसाहक्क.

१. प्रस्तावना

महाराष्ट्रातील संग्रहालयांचा इतिहास पाहिला असता त्यातील अनेक महत्त्वाच्या संग्रहांचा उगम शासकीय योजनेत नसून एखाद्या व्यक्तीच्या वा कुटुंबाच्या ध्यासात असल्याचे दिसून येते. पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. तथापि, संग्रह करणारे कुटुंब आणि कला जगणारे कुटुंब यांत मूलभूत फरक आहे. पहिले कुटुंब इतरांनी घडविलेल्या वस्तू जमविते. दुसऱ्या कुटुंबाकडे वस्तू असतात त्या त्याच्या स्वतःच्या पिढीजात कामाची साधने म्हणून. पहिल्या प्रकारात दालन हे संग्रहाचे अंतिम स्थान असते, तर दुसऱ्या प्रकारात ते घर, कार्यशाळा, रंगमंच व दुकान या चारही गोष्टी असते. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

२. पार्श्वभूमी : देवळाच्या मंडपातून घराच्या अंगणात

कुडाळ शहरालगतचे पिंगुळी हे गाव राऊळ महाराजांच्या मठामुळे भाविकांना ठाऊक आहे. याच गावात ठाकर समाजाची वस्ती असून चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ, पांगुळ बैल, राधानृत्य आदी कला या समाजाने जतन केल्या आहेत. सावंतवाडीच्या भोसले राजघराण्याचा आश्रय या कलांना लाभला होता. कोणत्या देवळात कोणी खेळ करावयाचा याचे मान ठरलेले असत व त्यावर कलावंताची उपजीविका काही अंशी चालत असे.

चित्रकथीचे स्वरूप लक्षात घेतल्याशिवाय दालनाचा प्रश्न समजणार नाही. एका कथेची साधारणतः तीस ते पन्नास सुटी चित्रे असतात व त्या संचास 'पोथी' म्हणतात. रामायण, महाभारत व स्थानिक आख्याने हे तिचे विषय होत. कथेकरी वाद्यांच्या साथीने प्रसंग गातो, निवेदन करतो आणि एकेक चित्र क्रमाने प्रेक्षकांसमोर धरतो. अर्थात चित्र हे येथे स्वतंत्रपणे पाहण्याची वस्तू नव्हे, तर कथनाचा एक घटक आहे. ते भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नाही.

राजाश्रय गेला, देवळांतील खेळांचे प्रेक्षक रोडावले आणि चित्रपट व दूरचित्रवाणीने करमणुकीची जागा घेतली. अनेक जुन्या पोथ्या संग्राहकांच्या व संग्रहालयांच्या हाती गेल्या. अशा परिस्थितीत परशुराम गंगावणे यांनी ही कला सोडली नाही. एवढेच नव्हे, तर २००६ साली घरच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय व कलादालन सुरू केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. घरातील पुढची पिढीही या कामात आहे.

या घटनेस पर्यटनाची चौकट लाभली होती. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, तर १९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. मुंबई-गोवा महामार्ग व कुडाळ स्थानक यांच्या सान्निध्यामुळे जो प्रेक्षक देवळातून निघून गेला होता, तो वेगळ्या रूपात, म्हणजे पर्यटक म्हणून, अंगणात येण्याची शक्यता निर्माण झाली. कलावंताने गावोगाव हिंडण्याऐवजी प्रेक्षकाने कलावंताच्या दारी येणे, हा या बदलाचा गाभा होय.

३. संग्रहालय व विक्रीकेंद्र : दुहेरी भूमिका

कौटुंबिक कलादालनात जुनी पोथी व नवे चित्र शेजारी शेजारी असतात. पर्यटकास पुष्कळदा जुनेच हवे असते, कारण त्याचे मोल त्याला अधिक वाटते. कुटुंबास पैशाची गरज असते. येथेच दालनाची खरी कसोटी लागते. पोथीतील एक चित्र विकले गेले तर केवळ एक कागद जात नाही. कथेतील एक प्रसंग जातो आणि उरलेली पोथी गाण्यास अपुरी ठरते. एकदा खंडित झालेला संच पुन्हा जुळणे जवळपास अशक्य असते.

यावर उपाय एकच : जुने विक्रीस नाही, नवे विक्रीस आहे, ही रेषा दालनात स्पष्ट आखणे. या रेषेस कायद्याचाही आधार आहे. १९७२ च्या पुरावशेष व बहुमोल कलावस्तू अधिनियमानुसार शंभर वर्षांहून जुनी चित्रे पुरावशेषांत मोडतात. त्यांची नोंदणी करावी लागते, मालकी बदलल्यास कळवावे लागते आणि खासगी व्यक्तीस ती परदेशी पाठविता येत नाहीत. परदेशी पर्यटकास जुने चित्र 'आठवण म्हणून' देणे हा औदार्याचा नव्हे, तर कायदेभंगाचा विषय ठरू शकतो.

नव्या चित्राबाबतही एक बाब दुर्लक्षित राहते. ग्राहक चित्र विकत घेतो म्हणजे तो त्या कागदाचा मालक होतो. चित्राच्या प्रती काढण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार अधिनियमानुसार लेखी हस्तांतर झाल्याखेरीज तो हक्क सामान्यतः कलावंताकडेच राहतो. चित्राच्या पावतीवर ही एक ओळ छापलेली असल्यास पुढे ते चित्र हॉटेलांच्या भिंतींवर वा कपड्यांवर छापले गेल्यास कुटुंबाची बाजू बळकट राहते.

४. अर्थकारण

अशा दालनास उत्पन्नाचे साधारणतः चार मार्ग उपलब्ध असतात : प्रवेशमूल्य, खेळांचे मानधन, कार्यशाळांचे शुल्क आणि चित्रे व बाहुल्यांची विक्री. यांपैकी प्रवेशमूल्य सर्वांत कमी व विक्री सर्वांत अनिश्चित असते. खेळ व कार्यशाळा यांसाठी शाळा-महाविद्यालयांच्या सहली उपयुक्त ठरतात, कारण त्यांची तारीख आधी ठरते.

स्वतःच्या दालनाचा आर्थिक तर्क एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एका चित्रास चार दिवस लागतात. दिवसाची मजुरी ६०० रुपये धरल्यास २,४०० रुपये होतात. कागद व रंग यांचे २०० रुपये मिळवून खर्च २,६०० रुपये झाला. चित्राची किंमत ३,६०० रुपये ठेवली आणि शहरातील विक्रेत्याने ३० टक्के दलाली घेतली, तर कलावंताच्या हाती २,५२० रुपये पडतात. म्हणजेच मजुरीही पूर्ण सुटत नाही. तेच चित्र घरी विकले गेले तर दलालीचे १,०८० रुपये घरात राहतात.

परंतु हे १,०८० रुपये निव्वळ नफा नव्हेत. वीज, दुरुस्ती, झाडलोट आणि मुख्य म्हणजे दालनात बसणाऱ्या माणसाचा वेळ त्यातून भागवावा लागतो. हा वेळ बहुधा घरातील स्त्रिया व वृद्ध यांचा असतो व तो कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. पाहुण्यास पाणी देणे, तीच माहिती दिवसातून दहा वेळा सांगणे, चित्र काढता काढता उठून दार उघडणे, हे सारे श्रमच होत. कौटुंबिक दालन 'परवडते' असे म्हटले जाते, तेव्हा पुष्कळदा ते या न मोजलेल्या श्रमांवर परवडत असते. त्यामुळे विक्रीची वही व श्रमाची वही अशा दोन वह्या ठेवणे ही केवळ हिशेबाची नव्हे, तर कुटुंबांतर्गत न्यायाचीही बाब आहे.

करव्यवस्थेचा भार मात्र वाटतो तेवढा नाही. महाराष्ट्रात केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास चाळीस लाख रुपयांपर्यंतच्या वार्षिक उलाढालीस वस्तू व सेवा कराच्या नोंदणीतून सर्वसाधारणपणे सूट आहे. खेळ व कार्यशाळा या सेवा असल्याने त्यांचा समावेश झाल्यास ही मर्यादा वीस लाखांवर येते. बहुतेक लहान दालने या मर्यादांच्या पुष्कळ आत असतात.

५. पावसाळा व जतन

सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व तो बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. पर्यटकांचा हंगाम या काळात ओसरतो आणि नेमका याच काळात संग्रहावरील खर्च वाढतो. दमट हवेत कागदास बुरशी येते, कसर लागते, चामड्याच्या बाहुल्या वाकतात व त्यांवरही बुरशी धरते. मोठ्या संग्रहालयास चोवीस तास वातानुकूलन शक्य असते. कुटुंबास ते झेपत नाही. काही तास यंत्र चालवून बंद करणे तर अधिक घातक, कारण आर्द्रतेतील सततच्या चढउतारांनी कागद व रंगाचा थर दोन्ही कमकुवत होतात.

अशा वेळी साधे उपायच टिकाऊ ठरतात : चित्रे बाहेरच्या भिंतीस टेकवून न ठेवणे, आम्लविरहित कागदाच्या घड्यांत ती आडवी ठेवणे, उघडीप मिळताच सावलीत वारा देणे आणि प्रदर्शनातील चित्रे ठरावीक काळाने बदलणे. कागदावरील चित्रांसाठी सुमारे ५० लक्स एवढाच मंद प्रकाश योग्य मानला जातो. अंगणातील उघड्या उजेडात मूळ पोथी मांडण्याऐवजी तिची हुबेहूब प्रत मांडणे म्हणूनच श्रेयस्कर होय.

६. पर्यटकाची घाई व कलेचे रूप

पूर्वी कथा रात्री उशिरापर्यंत रंगत असे. पर्यटकाकडे मात्र दोन ठिकाणांच्या मधला अर्धा-पाऊण तास असतो. परिणामी आख्यानाचे 'प्रात्यक्षिक' होते. चित्रेही बदलतात; कथेच्या क्रमात अर्थ असलेल्या प्रसंगाऐवजी चौकटीत शोभणारी एकटी आकृती अधिक खपते. ओडिशातील रघुराजपूर या पटचित्रांच्या गावी जवळजवळ प्रत्येक घर हेच दालन झाले आहे. तेथे कलेस मोठी बाजारपेठ मिळाली, परंतु एकमेकांसारख्या, लवकर खपणाऱ्या वस्तूंची स्पर्धाही निर्माण झाली.

याचा अर्थ पर्यटन त्याज्य आहे, असा नव्हे. पर्यटकच नसता तर प्रात्यक्षिकही झाले नसते. विचारार्ह प्रश्न एवढाच की, छोट्या प्रात्यक्षिकाच्या आड संपूर्ण आख्यान येणारा गायक घरात शिल्लक आहे किंवा नाही. वर्षातून निदान काही वेळा, गावच्या प्रेक्षकांसमोर, पूर्ण पोथी लावली जाणे हे दालनाच्या आरोग्याचे लक्षण मानावे लागेल. पोथी टिकली आणि गाणे विसरले गेले, तर मागे राहतील ती केवळ रंगीत पाने.

७. दालनाचे भवितव्य : पुढे कोण ?

कौटुंबिक दालनाचा सर्वांत नाजूक क्षण पिढीबदलाचा असतो. जमिनीची वाटणी होऊ शकते, घराची होऊ शकते. पोथीची वाटणी केल्यास ती पोथी राहत नाही. यावर महाराष्ट्रात दोन मार्ग अनुसरले गेल्याचे दिसते. पहिला, संग्रह शासनाकडे सुपूर्द करणे. दिनकर केळकर यांनी आपला संग्रह १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन तगर नगरीचे अवशेष आयुष्यभर जमविले. हा संग्रहही पुढे शासनाकडे येऊन त्यांच्याच नावे संग्रहालय उभे राहिले. दुसरा मार्ग सार्वजनिक न्यासाचा. त्यात मालमत्ता अविभाज्य राहते व देणग्या स्वीकारणे सुलभ होते. मात्र धर्मादाय आयुक्तांकडील नोंदी व लेखापरीक्षण यांची शिस्त पाळावी लागते.

नाण्यांचा वा मृण्मूर्तींचा संग्रह शासनाकडे गेल्याने त्याचे फारसे बिघडत नाही. चित्रकथीची पोथी मात्र गाणाऱ्या घरापासून तुटली की निम्मी मुकी होते. म्हणून कला जगणाऱ्या कुटुंबासाठी मूळ वस्तू न्यासाकडे आणि नव्या निर्मितीचे उत्पन्न कुटुंबाकडे, ही विभागणी अधिक योग्य वाटते.

८. धाराशिव जिल्ह्याचा संदर्भ

धाराशिव जिल्ह्यात तुळजापूर हे मोठे तीर्थक्षेत्र व नळदुर्ग हे किल्ल्याचे गाव आहे. संबळ, परडी, कवड्यांच्या माळा व गोंधळाची आख्याने यांची परंपरा येथे घराघरांत आहे. तीर्थयात्रेस येणारा भाविक असल्या वस्तू विकत घेतो, पण त्यामागील कला समजून घेण्याची जागा त्याला अशा घरांतूनच मिळू शकते.

याच जिल्ह्यातील लोहारा तालुक्याचे सास्तूर गाव या विषयास एक गंभीर परिमाण देते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात या परिसरातील दगडमातीच्या जाड भिंतींची घरे कोसळली. हजारो माणसे गेली. माणसांच्या त्या शोकापुढे वस्तूंचा हिशेब कोणी मांडला नाही आणि तो मांडण्याची ती वेळही नव्हती. तथापि, घराबरोबर घरातील पोथ्या, वाद्ये व कागदपत्रेही नाहीशी होतात आणि त्यांची यादी अन्यत्र नसेल, तर काय गेले हेसुद्धा पुढील पिढीस कळत नाही. एका घरात, एका छताखाली असलेल्या प्रत्येक संग्रहाला ही सूचना लागू पडते.

येथे महाविद्यालयांची भूमिका सुरू होते. प्रत्येक वस्तूचे छायाचित्र, मोजमाप, कथेचा क्रम व गायनाचे ध्वनिमुद्रण यांची एक प्रत घराबाहेर असणे आवश्यक आहे. मराठी, इतिहास, वाणिज्य व संगणकशास्त्र या विभागांनी मिळून विद्यार्थ्यांकडून असे काम प्रकल्परूपाने करून घेणे शक्य आहे. मात्र, ध्वनिमुद्रणावरील हक्क कुटुंबाचाच राहील, अशी लेखी हमी प्रथम द्यावयास हवी.

९. निष्कर्ष

१) कला जगणाऱ्या कुटुंबाचे दालन हे संग्रहालय व दुकान या दोहोंच्या सीमेवर उभे असते, जुने व नवे यांतील रेषा स्पष्ट ठेवणे हा त्याच्या टिकण्याचा पहिला नियम होय.

२) दलाली वाचणे हा दालनाचा आर्थिक आधार असला, तरी घरातील न मोजलेले श्रम हिशेबात धरल्याखेरीज त्याची खरी स्थिती कळत नाही.

३) मूळ वस्तूंचे जतन, त्यांची घराबाहेरील नोंद आणि त्यांची अविभाज्य मालकी या तिन्ही गोष्टींची व्यवस्था पिढी बदलण्यापूर्वीच व्हावयास हवी.

पिंगुळीच्या गोठ्याचे दालन झाले, कारण एका कुटुंबाने आपल्या पोथीची किंमत बाजाराआधी स्वतः ठरविली. अशी घरे अन्यत्रही आहेत. ती ओळखून, त्यांच्या वस्तू न मागता त्यांच्या नोंदीस हातभार लावणे, एवढे कार्य अध्यापकवर्गास सहज करता येण्याजोगे आहे.