कूप, ऊस आणि मत : नंदुरबारमधील सहकाराची तत्त्वे

सहकारी संस्थेचे सभासद हेच तिचे मालक असतात. भाग कितीही असले तरी मत माणशी एकच, आणि नफ्याची वाटणी संस्थेशी झालेल्या व्यवहाराच्या प्रमाणात होते. हे नियम १८४४ मध्ये इंग्लंडमधील रॉचडेल येथे २८ सभासदांनी काढलेल्या दुकानातून रूढ झाले. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय सहकारी संघाने त्यांना सात तत्त्वांचे रूप दिले : खुले व ऐच्छिक सभासदत्व, लोकशाही नियंत्रण, आर्थिक सहभाग, स्वायत्तता, शिक्षण, संस्थांमधील परस्पर सहकार्य आणि समाजाविषयी आस्था.

१९९८ मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात या तत्त्वांचा कस डोंगरात आणि सपाटीवर वेगवेगळ्या रीतीने लागला. तेव्हाच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर पेटा, तळोदा तालुका, अक्राणी महाल आणि मेवासी भिल्ल संस्थानिकांची गावे ब्रिटिश काळात अंशतः वगळलेले क्षेत्र होती, म्हणजे गव्हर्नरच्या आदेशाशिवाय तेथे विधिमंडळाचे कायदे लागू होत नसत. मुंबई सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन यांच्या अहवालात सावकार आणि जंगल ठेकेदारांकडून होणाऱ्या आदिवासींच्या पिळवणुकीची नोंद झाली. त्यानंतर १९४७ पासून मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. पूर्वी ठेकेदार लिलावात कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा भाग, घेई आणि तोडीवर मजूर लावी. आता तेच कूप लिलावाविना संस्थेला मिळू लागले. मजूर सभासद झाला आणि मजुरी देऊन उरलेल्या नफ्यावर त्याचा हक्क आला.

आर्थिक सहभागाचे तत्त्व येथे स्पष्ट दिसते. स्वायत्तता मात्र अपुरी राहिली. कूप वनखात्याच्या हाती होते आणि हिशेब वाचू न शकणारे सभासद सचिवावर व पुरस्कर्त्या समाजसेवी संस्थेवर अवलंबून होते. सभासदांचे शिक्षण हे स्वतंत्र तत्त्व का मानले जाते, याचे उत्तर या अवलंबित्वात सापडते. पुढे १९८८ च्या वनधोरणाने उत्पन्नापेक्षा संरक्षणाला अग्रक्रम दिला. जंगलतोड कमी झाली तसा या संस्थांच्या कामाचा पायाच आकसला.

सपाटीवर ऊस हा सहकाराचा आधार ठरला. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना, तर नवापूर तालुक्यात डोकारे येथे आदिवासी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. ऊस कमी-जास्त घातला तरी सर्वसाधारण सभेत उत्पादक सभासदाचे मत एकच. परंतु असे सभासदत्व ऊस पिकवणाऱ्याला मिळते. ऊस तोडणारा भूमिहीन त्याबाहेर राहतो. जंगल संस्थेत लाकूड तोडणाराच सभासद होता. म्हणून सहकाराचा लाभ कोणाला, हे आधी सभासद कोण यावर ठरते. सहकाराबाहेर राहिलेल्या अशा मजुरांसाठी याच शहादा परिसरात १९७२ मध्ये आदिवासी कार्यकर्ते अंबरसिंग सुरतवंती यांच्या पुढाकाराने श्रमिक संघटना उभी राहिली आणि मजुरी व जमिनीचे प्रश्न तिने हाती घेतले.

२०१२ मध्ये लागू झालेल्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याचा अधिकार मूलभूत अधिकारांत आणला. ऐच्छिक स्थापना, स्वायत्त कारभार, लोकशाही नियंत्रण आणि व्यावसायिक व्यवस्थापन यांना प्रोत्साहन देणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. ते प्रत्यक्षात उतरण्यासाठी सभासदाला हिशेब वाचता येणे आणि सभेत जाब विचारता येणे आवश्यक आहे.