सरकवा, उघडा आणि लिहा!

पहिल्या अँड्रॉइड फोनला खरीखुरी बटणे होती. त्या बटणांचे सुख काय होते आणि ती गेली कुठे?

हातातल्या काचेवर अंगठा फिरवून लिहिणे आता आजीपासून नातवापर्यंत सर्वांच्याच अंगवळणी पडले आहे. पण फोनवर चार ओळी लिहायच्या म्हणजे आधी स्क्रीन बाजूला सरकवायची आणि मग तिच्याखालून निघालेल्या बटणांवर दोन्ही अंगठ्यांनी टायपिंग करायचे, असाही एक काळ होऊन गेला. तो काही फार जुना नाही. भारतातले बहुतेक स्मार्टफोन आज ज्या अँड्रॉइड प्रणालीवर चालतात, त्या प्रणालीचा बाजारात आलेला पहिला फोनच असा होता.

तैवानच्या एचटीसी कंपनीने बनवलेला हा फोन २३ सप्टेंबर २००८ रोजी न्यूयॉर्कमध्ये लोकांसमोर आला. कंपनीने त्याचे नाव ‘ड्रीम’ ठेवले होते. अमेरिकेत टी-मोबाइलने तो ‘जी-वन’ या नावाने विकला. दोन वर्षांचा करार केला तर किंमत १७९ डॉलर. समारंभात गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन अचानक हजर झाले. ब्रिन यांनी या फोनसाठी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला होता. फोन हवेत उडवला की तो किती वेळ हवेत राहिला हे त्यातून कळे!

खट्कन उघडणारा दरवाजा

फोनचे वजन १५८ ग्रॅम आणि जाडी १७ मिलिमीटर, म्हणजे आजच्या फोनच्या दुप्पट. सव्वातीन इंचांची स्क्रीन ढकलली की ती सरळ न जाता किंचित कमानीत वर जाई आणि खट्कन जागेवर बसे. खाली बटणांच्या पाच ओळी दिसत. आकड्यांची ओळ स्वतंत्र होती, त्यामुळे पत्ता किंवा फोन नंबर लिहिताना अडखळावे लागत नसे. बोटाला बटणाची कड लागे, दाबले गेल्याची खूण मिळे आणि सवय झाली की न बघताही लिहिता येई. लांबलचक ई-मेल लिहिणाऱ्यांना हे फार सुखाचे होते. भिंगाचे चित्र असलेल्या बटणाबरोबर ‘बी’ दाबले की थेट इंटरनेटचा ब्राउझर उघडे.

पण सुखाबरोबर कटकटीही होत्या. सुरुवातीला स्क्रीनवर उमटणारा कीबोर्ड या फोनमध्ये नव्हताच. ‘हो, येतो’ एवढे दोन शब्द लिहायचे तरी फोन आडवा करून उघडावा लागे. बसमध्ये एका हाताने दांडा धरून उभ्या असलेल्या माणसाची पंचाईतच! ही सोय २००९ साली अँड्रॉइडच्या १.५ आवृत्तीत आली. व्हिडिओ घेण्याची सोयही तिच्याबरोबरच आली. फोनचा उजवीकडचा भाग थोडा पुढे आलेला होता, त्यावरून अंगठा वळवून बटणांपर्यंत न्यावा लागे. नेहमीचा इअरफोन लावायचा तर वेगळा जोड हवा. बॅटरी ११५० एमएएचची, त्यामुळे इंटरनेट जरा जास्त वापरले की संध्याकाळपर्यंत चार्जर शोधण्याची वेळ येई.

सर्वांत मजेदार दोष नोव्हेंबर २००८ मध्ये उघडकीस आला. बटणांवर लिहिलेला प्रत्येक शब्द फोनच्या आतली एक यंत्रणा चक्क हुकूम समजून वाचत होती. नव्या ओळीवर इंग्रजीत ‘रीबूट’ लिहून एंटर दाबले की फोन बंद होऊन पुन्हा सुरू होई! गुगलने ही चूक लगोलग दुरुस्त केली.

बटणांवर छापलेली भाषा

तरीही फोन लोकांना आवडला. एप्रिल २००९ पर्यंत एकट्या अमेरिकेत दहा लाख फोन विकले गेले. मग सरकते कीबोर्ड मागे का पडले? सरकणारे भाग झिजतात, त्यांच्यामुळे फोन जाड होतो, ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे.

टायपिंग क्लासला गेलेल्यांना आठवत असेल, तिथे इंग्रजीचे यंत्र वेगळे आणि मराठीचे वेगळे. छापलेले बटण एकाच लिपीचे असते. जी-वनचेही तसेच होते. जर्मनीसाठी अक्षरांची मांडणी बदललेला वेगळा कीबोर्ड बनवावा लागला. देवनागरीचा तर विचारच नव्हता. मूळ सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी अक्षरेच नसल्याने मराठी मजकुराच्या जागी रिकामे चौकोन दिसत. अमेरिकेतल्या मराठी मुलाला आईला ‘सुखरूप पोहोचलो’ कळवायचे असेल, तर रोमन अक्षरांचाच आधार घ्यावा लागे. काचेवरचा कीबोर्ड मात्र क्षणात बदलता येतो. आता ‘ळ’ आणि ‘ज्ञ’सुद्धा बोटाखाली असतात. बटणांचा स्पर्श गेला, पण त्याच्या बदल्यात आपली लिपी मिळाली.

फोन धडधाकट, पण...

जी-वनच्या वाट्याला आणखी एक दुःख आले. त्याची अंतर्गत साठवण अवघी २५६ एमबी होती. नवे प्रोग्राम मेमरी कार्डावर ठेवण्याची सोय २०१० साली २.२ आवृत्तीत आली, पण या फोनला कंपनीकडून मिळालेली शेवटची आवृत्ती १.६ होती. त्याच वर्षी अमेरिकेतली त्याची विक्रीही थांबली. सप्टेंबर २०२१ मध्ये गुगलने इतक्या जुन्या अँड्रॉइडवरून खात्यात प्रवेश बंद केला आणि २०२२ मध्ये टी-मोबाइलने आपले थ्री-जी जाळे गुंडाळले. बटणे शाबूत, बिजागरी शाबूत, पण फोन निरुपयोगी! म्हणून नवा फोन घेताना कॅमेऱ्याबरोबरच सॉफ्टवेअर किती वर्षे मिळणार, हेही दुकानदाराला विचारायला हवे.

हौशी लोकांसाठी सरकत्या कीबोर्डचे फोन पुढेही निघाले. नोकिया एन ९७ हा २००९ मध्ये आला, ब्लॅकबेरी प्रिव्ह २०१५ मध्ये आणि एफएक्सटेकचा प्रो-वन २०१९ मध्ये. पण त्यांची वाट रुंद झाली नाही.

आपल्याही कपाटात असा एखादा जुना फोन पडून असेल, तर आधी त्यातले फोटो आणि मेमरी कार्ड काढून घ्या. बॅटरी निघत असेल तर ती वेगळी ठेवा. फुगलेली बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि चार्जही करू नका. मग फोन आणि बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा संकलन केंद्रात द्या. आठवण म्हणून फोन जपायचा असेल, तर बॅटरीशिवाय जपा. स्क्रीन सरकवण्याची गंमत तशीही घेता येते.