होशरुबाचा बादशहा पडद्यावर आणायचा तर

अमेरिकी सुपरहिरोंच्या मालिका पाहणाऱ्यांना एक खलनायक आता चांगलाच ओळखीचा झाला आहे. तो देश विकत नाही, झेंडा अंगावर मिरवतो. ‘द बॉइज’मधला होमलँडर अमेरिकेचा झेंडा पाठीवर घेऊनच उडतो. त्याचं कॉमिक २००६ साली निघालं आणि मालिका २०१९ मध्ये आली. समीक्षकांना हे देशभक्त दुष्टाचं प्रकरण फार नवं वाटलं. पण आपल्या लखनौच्या एका छापखान्यातून असाच एक बादशहा १८८३ पासून खंडामागून खंडांत बाहेर पडत होता. त्याचं नाव अफ्रासियाब, आणि ग्रंथाचं ‘तिलिस्म-ए-होशरुबा’.

मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत छापखाना काढला. दोनच वर्षांपूर्वी कंपनीने अवध खालसा केलं होतं. वाजिद अली शाह कलकत्त्याला गेला होता, आणि पाठोपाठ १८५७ च्या धुमश्चक्रीत शहराची पार वाताहत झाली होती. त्या पडझडीत उभा राहिलेला हा छापखाना पुढे आशियातल्या सर्वांत मोठ्या छापखान्यांत गणला गेला. कुराण, पुराणं, कायद्याची पुस्तकं, गालिब असं सगळं तिथे छापलं जाई. अमीर हमजा या वीराच्या पराक्रमांच्या ‘दास्तान-ए-अमीर हमजा’चे तर तब्बल ४६ खंड त्यांनी काढले. होशरुबा हा त्यातला सर्वांत लाडका भाग. त्याचे पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि उरलेले तीन अहमद हुसेन कमर यांनी. अमीर हमजाच्या मूळ कथा जुन्या, इराणी वळणाच्या आहेत. होशरुबाची कल्पना मात्र लखनौच्या दास्तानगोंची, म्हणजे गोष्टी सांगणाऱ्यांची आहे आणि तिचं श्रेय मीर अहमद अली यांना देतात.

तिलिस्म म्हणजे जादूगारांनी मंत्रबळावर उभारलेलं एक आख्खं राज्य. होशरुबाचे तीन भाग आहेत : दिसणारा, दडलेला आणि अंधाराचा. मधून रक्ताची नदी वाहते. तिच्यावर धुराचा पूल आहे आणि पुलावर पहाऱ्याला धुराचेच दोन सिंह. या साऱ्याचा स्वामी अफ्रासियाब आणि त्याची सम्राज्ञी हैरत. हमजाचा मुलगा बदीउज्जमाँ शिकारीच्या नादात या मुलुखात शिरतो आणि पकडला जातो. त्याच्यामागून हमजाचा नातू असद फौज घेऊन येतो, कारण हे तिलिस्म फोडणारा तोच, असा लेख आधीच लिहिलेला आहे. सोबत अमर अय्यार. सोंगं घेणारा, बेशुद्धीची औषधं चारणारा हा चिक्कू, बिलंदर हेर. त्याच्या झोळीत सगळं जग मावतं, तरी कवडी सोडताना त्याचा जीव जातो.

आता हीच गोष्ट होशरुबाच्या बाजूने ऐकून पाहा. परकी फौज सीमेवर आली आहे. राजघराण्याच्या नात्यातली राजकन्या मेहजबीन शत्रूच्या राजपुत्रावर भाळली आहे. पाठोपाठ माहरुखसारखी बडी जादूगारीण बंड करून पलीकडे जाते. रोज एक सरदार फुटतो. हातातला सामरी या देवाचा ग्रंथ उघडला की तो बादशहाला खरं तेच सांगतो, आणि बहुतेक वेळा ते वाईटच असतं. तरीही हा गडी सात खंड लढतो. शत्रूकडून फुटून त्याच्या बाजूला येणारा बिभीषण कुणी नाही, उलट बिभीषण त्याच्याच घरातून निघालेत. रावणाच्या वाट्याला आलं तेच सगळं याच्याही वाट्याला आलं आहे.

पण त्याला सरळ देशभक्त म्हणून मोकळं होता येत नाही. होशरुबाचं सिंहासन मुळात लाचीन बादशहाचं. अफ्रासियाबने ते बळकावलं आणि धन्याला कैदेत घातलं. म्हणजे ज्या भूमीसाठी तो जीव टाकतो, ती त्याने लाटलेली आहे. हे कळल्यावर मला हे पात्र दुप्पट आवडू लागलं. नुकतंच आपलं राज्य गमावलेल्या शहरात बसून लेखक हे लिहीत होते, हेही वाचताना मनातून जात नाही. त्यांनी रूपक रचलं असा माझा दावा नाही. फितुरीचे प्रसंग मात्र ऐकणाऱ्यांना कुठे लागत असतील, याचा अंदाज येतो.

अशा पात्राची मालिका करताना पहिला बळी जातो तो याच गुंत्याचा. अमेरिकेतलं जॉन वॉकरचं उदाहरण घ्या. मार्क ग्रुएनवॉल्ड आणि पॉल निअरी यांनी १९८६ साली त्याला कॅप्टन अमेरिकाचा प्रतिस्पर्धी म्हणून ‘सुपर-पेट्रियट’ या नावाने आणलं. तिथे तो जाहिरातबाज होता. आपल्याच भाडोत्री गुंडांकडून हल्ला करवायचा आणि लोकांसमोर त्यांना बदडून काढायचं, असा त्याचा खाक्या. २०२१ च्या ‘द फाल्कन अँड द विंटर सोल्जर’मध्ये ही नाटकं काढून टाकली आणि त्याला पदकं मिळवलेला प्रामाणिक सैनिक केलं. मित्र मारला गेल्यावर तो भर चौकात, लोकांचे मोबाईल रोखलेले असताना, कॅप्टन अमेरिकाच्या त्या राष्ट्रीय ढालीनेच एकाला ठेचून मारतो आणि ढालीची कड रक्ताने माखते. कॉमिकमधला लबाड वगळला, म्हणूनच हा प्रसंग अंगावर येतो. लबाड माणूस लबाडी करतो यात पाहणाऱ्याला धक्का कसला?

आपल्याकडे होशरुबाच्याच परंपरेचा एक प्रयोग पडद्यावर होऊन गेला आहे. तिलिस्म आणि अय्यारीचा हा मसाला देवकीनंदन खत्रींनी १८८८ च्या ‘चंद्रकांता’त हिंदीत आणला. त्यावरची नीरजा गुलेरींची मालिका १९९४ पासून दूरदर्शनवर गाजली. रविवारी सकाळी अखिलेंद्र मिश्रांच्या क्रूरसिंगाचं ‘यक्कू’ मराठी घरांतूनही ऐकू यायचं. कादंबरीत क्रूरसिंगाला जेवढी जागा होती, त्याच्या कितीतरी पट मालिकेने दिली. मिशा, भुवया, आरोळी, सगळं लक्षात राहिलं. त्याला हवं काय होतं, हे मात्र आज कुणाला विचारा! सोंग जिंकलं आणि माणूस हरला. अफ्रासियाबचं तसं होऊ नये.

अडचणी आहेतच. ग्रंथात हमजाची बाजू श्रद्धावानांची आहे आणि होशरुबाची सामरी, जमशेद, लका अशा खोट्या देवांना मानणाऱ्यांची. बाजू बदलणारा जादूगार धर्मही बदलतो. आजच्या वातावरणात हे जसंच्या तसं दाखवलं तर दोन्हीकडून कोर्टकचेऱ्या. वगळलं तर युद्धाचं कारणच हरवतं. माझ्या मते ते ठेवावं, पण बादशहाच्या तोंडून. आमच्या देवांना खोटं ठरवणारे तुम्ही कोण, हा त्याचा प्रश्न एकदा तरी नीट विचारला जावा. पुढे अमर त्याची कशी टर उडवायची ती उडवेलच.

बाकी तंत्राचं म्हणाल तर दास्तानगो आजच्या मालिकावाल्यांचे बाप होते. गोष्ट ऐन मोक्याला आणून थांबवायची आणि पुढे न सरकता, वर्णनांवर वर्णनं रचत श्रोत्यांना धरून ठेवायचं. हे ‘दास्तान रोखणं’ मोठ्या कसबाचं समजलं जाई. शम्सुर्रहमान फारुकी यांनी या खंडांचा आयुष्यभर माग काढला आणि त्यांच्याच प्रेरणेने महमूद फारुकी यांनी २००५ साली दिल्लीत ही कला पुन्हा रंगमंचावर आणली. पांढऱ्या चादरीवर पांढऱ्या अंगरख्यातले दोन दास्तानगो, बाजूला पाण्याच्या वाट्या. ना पडदा, ना नेपथ्य. लखनौत हिमांशू बाजपेयी त्याच बैठकीतून शहराचे किस्से सांगतात. धुराचे सिंह दाखवायला संगणक लागतोच असं नाही, हे या मंडळींनी सिद्ध केलं आहे.

ग्रंथातली एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यासाठीच असल्यासारखी आहे. जादूगार मेला की अंधारून येतं, वादळ उठतं, दगड कोसळतात आणि एक आवाज त्याचं नाव घेऊन सांगतो की हा अमुक मारला गेला. कितीही फुटकळ जादूगार असो, त्याच्या नावाची हाळी होतेच. मालिकेने हे एकदाही कापू नये. शत्रूकडच्या प्रत्येक मेलेल्याला नाव असलं की प्रेक्षकाला टाळ्या वाजवणं जरा जड जातं. आणि पहिलं पर्व लढाईवर संपवू नये. ते माहरुखच्या बंडावर संपवावं : ती फौज घेऊन निघाली आहे आणि अफ्रासियाब सामरीचा ग्रंथ उघडून पुढचा फितूर कोण, ते वाचतो आहे.