ज्या संपत्तीचा आकडा विचारायचा नसतो

उत्तर नॉर्वेतील सामी समाजात एक शिष्टाचार कटाक्षाने पाळला जातो. भेटीत हवापाण्याची, मुलाबाळांची, बर्फाचीही चौकशी करावी. परंतु ‘आपल्याकडे रेनडिअर किती?’ असे विचारू नये. चारचौघांत एखाद्याची बँकेतील शिल्लक विचारण्यासारखेच ते समजले जाते. खातेदारांच्या शिलकेची गुप्तता राखण्यात ज्याची सारी नोकरी गेली, त्या माझ्यासारख्या माणसाला हा संकेत फार जवळचा वाटला.

फेब्रुवारी महिन्यात सौ. व मी कन्या-जावयांसह ट्रॉम्सो शहराजवळ एका सामी कुटुंबाच्या रेनडिअर तळावर गेलो होतो. आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर असलेल्या या गावी नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस थोडा उजळू लागला होता. बर्फातून चालणाऱ्या रेनडिअरच्या पायांतून टक् टक् असा आवाज येत होता. पावलातील स्नायुबंध हाडावरून सरकल्याने तो होतो. कळपातील पुष्कळ माद्यांना शिंगे दिसली. नरांची शिंगे हिवाळ्याच्या सुरुवातीस गळतात. माद्यांची मात्र वसंतात पाडस जन्मेपर्यंत टिकतात. बर्फ उकरून शोधलेला चारा गाभण मादीला राखता यावा, ही निसर्गाची योजना.

सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प या प्रदेशांचे मूळ रहिवासी. आपल्या भूमीला ते ‘साप्मी’ म्हणतात. त्यांच्या भाषांचे नाते फिनिशशी आहे, नॉर्वेजियनशी नाही. आज रेनडिअर पाळणारे सामी संख्येने थोडेच. बहुसंख्य लोक शहरांत नोकरी-व्यवसाय करतात. तरीही समाजाची ओळख या प्राण्याशी बांधलेली आहे. उत्तर सामी भाषेत कळपाला ‘एआल्लू’ आणि जीवनाला ‘एआल्लिन’ म्हणतात. दोन्ही शब्द एकाच कुळातले.

लाव्वू नावाच्या शंकूच्या आकाराच्या तंबूत शेकोटीभोवती बसवून यजमानांनी आम्हांला त्यांचा हिशेब समजावला. दोन कानांचे एक चित्र त्यांनी दाखवले. त्याच्या कडांवर निरनिराळे छेद होते. पाडसाच्या कानावर सुरीने केलेले असे छेद म्हणजे मालकाची मुद्रा. प्रत्येक मालकाची खूण वेगळी आणि सरकारदरबारी नोंदलेली. घरातील लहान मुलांचीही स्वतंत्र खूण असते. उन्हाळ्यात कळप कुंपणात आणल्यावर पाडस आपल्या आईमागे धावते. आईच्या कानावर जी खूण, तीच पाडसाच्या कानावर. जनावरे वैयक्तिक मालकीची, राखण मात्र सामाईक. काही कुटुंबे मिळून जो गट करतात त्यास ‘सिइडा’ म्हणतात. भागीदारीत दुकान चालवूनही ज्याचे त्याचे भांडवल खातेवहीत वेगळे मांडणाऱ्या घरांना ही पद्धत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या संपत्तीला चरण्यासाठी जमीन लागते, आणि खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. उन्हाळ्यात समुद्रकाठ व डोंगर, हिवाळ्यात आतील पठारे, असा हा फेरा पिढ्यान् पिढ्यांचा. पण त्या जमिनीचा सात-बारा त्यांच्या नावे नाही. १७५१ मध्ये स्वीडन व डेन्मार्क-नॉर्वे यांनी सीमा आखली, तेव्हा कळपांसह सीमा ओलांडण्याचा सामींचा हक्क तहाच्या पुरवणीत मान्य झाला. पुढे मात्र नॉर्वेने त्यांची भाषा शाळेतून हद्दपार केली आणि त्यांना नॉर्वेजियन बनवण्याचे धोरण अनेक दशके राबवले. १९९७ मध्ये राजे हाराल्ड यांनी सामी संसदेपुढे, तर २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने या धोरणाबद्दल क्षमा मागितली.

अलीकडच्या दोन निकालांनी हा प्रश्न ऐरणीवर आणला. २०२० मध्ये स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास येथील सामी संघाचा, आपल्या हद्दीत लहान शिकार व मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क अनादि वहिवाटीच्या आधारे मान्य केला. कागद नसतानाही वहिवाट टिकली. २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने फोसेन येथील पवनचक्क्यांचे परवाने एकमताने अवैध ठरवले. हिवाळी कुरणावरील त्या प्रकल्पाने सामींच्या संस्कृतिरक्षणाच्या हक्काचा भंग होतो, असा निर्वाळा दिला. परंतु तोवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहून फिरू लागल्या होत्या. २०२३ मध्ये सामी तरुणांनी पारंपरिक ‘गाक्ती’ पोशाखात ओस्लोतील मंत्रालयांची दारे अडवली. पुढे भरपाई आणि पर्यायी कुरण यांवर तडजोड झाली. पवनचक्क्या आजही तेथेच आहेत. स्वच्छ विजेची गरज कोणी नाकारत नाही. तिची किंमत कोणाच्या खात्यातून वळती करायची, एवढाच वाद आहे.

दुसरे संकट आकाशातून येते. ऐन हिवाळ्यात पाऊस पडून तो गोठला की बर्फावर काचेसारखा थर बसतो. खालचे शैवालासारखे दगडफूल रेनडिअरला हुंगता येत नाही, उकरता येत नाही. कुरण ‘कुलूपबंद’ होते आणि विकतचे खाद्य घालावे लागते. पर्यटकांचे तळ हे या वाढत्या खर्चास मिळालेले एक जोडउत्पन्न आहे.

भोजनाविषयी स्पष्ट लिहिलेले बरे. रेनडिअर मांसासाठीही पाळले जातात आणि पाहुण्यांना ‘बिदोस’ हा मांसाचा रस्सा दिला जातो. आधी कळवल्यास शाकाहारी सूप मिळते, परंतु त्यात बटाटा-गाजर असू शकते. आमचे काम बरोबर नेलेल्या खाकऱ्यांनी भागवले. यजमानांनीही ते कौतुकाने चाखले. आहाराबाबत त्यांचा आणि आपला मार्ग एक होणे नाही. मात्र जनावराचे कातडे, शिंग, स्नायुतंतू, काहीही वाया न घालवण्याची त्यांची काटकसर पाहून मान आपोआप तुकली.

शेवटी यजमानांनी ‘योइक’ गायिला. योइक एखाद्या माणसा‘विषयी’ नसतो. तो त्या माणसालाच स्वरांतून समोर आणतो, अशी त्यांची धारणा आहे. त्यात शब्द थोडे, कधी मुळीच नसतात. यजमानांनी गायिला तो त्यांच्या दिवंगत आजीचा होता.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे हल्ली उत्तर ध्रुवीय प्रकाश पाहण्यास नॉर्वेस जातात. त्यांनी तळ निवडताना तो सामी कुटुंबाचाच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. म्हणजे दिलेला पैसा योग्य हाती पडेल. जमल्यास ६ फेब्रुवारीच्या आसपास जावे. १९१७ मधील पहिल्या सामी परिषदेच्या स्मरणार्थ तो त्यांचा राष्ट्रीय दिन असतो, आणि त्या सप्ताहात ट्रॉम्सोच्या मुख्य रस्त्यावर रेनडिअरच्या शर्यती रंगतात. मुलांना कानांवरच्या खुणा अवश्य दाखवाव्यात.