ब्रिजमधील तीनची बोली : मोजून पत्करलेली हार

लोकलमध्ये पत्ते कुटत शहाडहून मुंबई गाठणाऱ्यांना हुकूम समजावून सांगावा लागत नाही. ब्रिजमध्ये मात्र हुकूम बोलीने ठरतो. 2018च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या खेळाने भारताला एक सुवर्ण व दोन कांस्यपदके दिली. मिश्र सांघिक कांस्य जिंकणाऱ्या संघात मुंबईच्या हेमा देवराही होत्या.

याच खेळात दुबळी पाने असताना मुद्दाम मोठी बोली लावली जाते. समजा, हाती बदामाचे राजा, राणी, गुलाम, दश्शी व तीन लहान पाने आहेत; बाकी सारे निरुपयोगी. अशा वेळी पहिलीच बोली थेट तीन बदामांची करतात. प्रतिस्पर्धी जोडीला एकमेकांशी बोलायला जागा उरू नये, हा हेतू.

भागीदाराकडून काहीच मिळाले नाही, तरी यात साधारण सहा हात होतात. नऊला तीन कमी पडले आणि डबल झाले, तर दंड 500. व्हल्नरेबल प्रतिस्पर्ध्यांनी चार इस्पिक केले असते, तर त्यांना 620 मिळाले असते. मात्र आपणच व्हल्नरेबल असल्यास दंड 800 होतो आणि हिशेब उलटतो.

भागीदाराकडे बदामाची तीन पाने असतील, तर दुबळ्या पानांवरही त्याने लगेच चार बदाम म्हणावे. जुळणी नसल्यास गप्प राहावे, स्वतःचा रंग पुढे करू नये. प्रतिस्पर्ध्याने चांगल्या पानांवर दिलेल्या डबलचा अर्थ बहुधा ‘तुझा रंग सांग’ असा असतो. त्यानंतर पहिल्या बोलीवाल्याने पुन्हा तोंड उघडू नये. नवखे नेमके येथेच गुण घालवतात.